बचावपटू मुरावा लागतो

आइस हॉकीचा सामना प्रथमच पाहणाऱ्याची नजर पकच्या मागे धावते, आणि पक बहुतेक वेळ आघाडीच्या खेळाडूंच्या स्टिकवर असतो. बचावपटू दिसतो तो चुकल्यावर. क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकाची जी गत, तीच याची. दिवसभर नव्वद षटकं नीट सांभाळली तर कोणी नाव काढत नाही, एक झेल सुटला की संध्याकाळी सगळ्यांना तोच आठवतो. या जागेवर खेळणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हा लेख आहे. टोरांटो, बोस्टन, मिनियापोलिस किंवा न्यू जर्सीत वाढणारं मराठी घरातलं मूल पहाटे उठून रिंकवर जात असेल, तर कधी ना कधी जेवणाच्या टेबलावर प्रश्न येतोच: कॉलेज हॉकीची वाट धरायची का, आणि धरली तर तिच्यावर किती काळ राहायचं? माझं मत असं की बचावपटूने ही वाट धरावी आणि भक्कम कारण नसेल तर ती पूर्ण चालावी. आघाडीचा खेळाडू अठराव्या वर्षी चमकून जाऊ शकतो. बचावपटू मात्र लोणच्यासारखा मुरावा लागतो, आणि मुरायला जो वेळ लागतो तो अमेरिकन कॉलेजइतका दुसरं कोणी देत नाही.

हे म्हणणं नुसतं भावनेचं नाही, त्यामागे कामाचं स्वरूप आहे. प्रतिस्पर्ध्याने पक तुमच्या कोपऱ्यात फेकला की तो उचलायला तुम्ही त्याच्याकडे पाठ करून धावता, आणि दोन आडदांड खेळाडू वेगाने तुमच्या मागे येत असतात. पकपाशी पोचण्याआधी खांद्यावरून मागे एकदा नव्हे, दोनदा पाहायचं असतं. कोण कुठून येतोय, आपला जोडीदार कुठे उभा आहे, मधला फॉरवर्ड खाली उतरलाय का, गोलरक्षक काय ओरडतोय, हे सगळं त्या नजरेत टिपायचं आणि पक स्टिकला लागायच्या आत पुढचा पास ठरवून ठेवायचा. समोरून हल्ला येत असेल तर उलटं स्केटिंग करत अंतर राखायचं. ते जास्त झालं तर त्याला शॉट मारायला मोकळीक मिळते, कमी झालं तर तो बगलेतून निसटतो. हे अंतर कोणत्याही पुस्तकात फुटांत लिहिलेलं नसतं. समोरच्याचा वेग, त्याचा हात डावा की उजवा, मागून त्याच्या मदतीला कोण येतंय, यावर ते दर क्षणी बदलतं. गोलपुढच्या गर्दीत शंभर किलोच्या माणसाला हलवायला लागणारी ताकद तर सतराव्या वर्षी बहुतेकांच्या अंगात नसतेच. म्हणजे बचावपटूला दोन गोष्टी लागतात, अनुभवाने तयार झालेली नजर आणि पूर्ण वाढलेलं शरीर. या दोन्हींना घाई सोसत नाही.

आता कॉलेजचं वेळापत्रक पाहा. एनसीएए या कॉलेज क्रीडासंघटनेच्या पहिल्या श्रेणीत पुरुषांचे साठहून थोडे अधिक संघ आहेत. नियमित हंगामात साधारण 34 सामने, बहुतेक शुक्रवारी आणि शनिवारी. कॅनडाच्या मेजर ज्युनिअर लीगांमध्ये हाच आकडा 64 ते 68. जास्त सामने म्हणजे जास्त शिक्षण, असं वरवर वाटतं. पण आठवड्याला तीन सामने आणि मधे बसचे लांब प्रवास असले की सराव हा फक्त पाय मोकळे करण्यापुरता उरतो. कॉलेजात सोमवार ते गुरुवार सराव, व्यायामशाळा आणि चित्रफितींचा अभ्यास यांना मिळतो. शनिवारी तुमच्या चुकीवर गोल झाला, तर मंगळवारी तीच परिस्थिती बर्फावर वीस वेळा उभी करून तुमच्याकडून नीट करून घ्यायला प्रशिक्षकाला फुरसत असते. शिवाय समोर येणारे खेळाडू अठरा ते चोवीस वयाचे असतात, कारण अनेकजण ज्युनिअर लीगमध्ये एकदोन वर्षं खेळून मगच कॉलेजात शिरतात. अठरा वर्षांच्या बचावपटूला तेविशीच्या माणसाला अडवावं लागतं. पहिलं वर्ष त्यामुळे जड जातं, आणि नेमकं म्हणूनच ते उपयोगी असतं.

पुरावा हवा असेल तर होबी बेकर पुरस्काराची यादी काढून बसा. 1981 पासून पुरुषांच्या कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्तम खेळाडूला तो दिला जातो. 2025 पर्यंतच्या विजेत्यांत बचावपटू फक्त नऊ: मार्क फुस्को, टॉम कर्व्हर्स, माइक मोटाऊ, जॉर्डन लिओपोल्ड, मॅट कार्ल, मॅट गिलरॉय, विल बुचर, केल मकार आणि स्कॉट पेरुनोविच. यांपैकी सहा जणांनी तो चौथ्या वर्षी जिंकला, कार्ल आणि पेरुनोविच यांनी तिसऱ्या वर्षी, आणि एकट्या मकारने दुसऱ्या वर्षी. याच यादीत पहिल्याच वर्षी पुरस्कार उचलणारे चौघे आहेत, पॉल कारिया, जॅक आयकेल, अ‍ॅडम फँटिली आणि मॅकलिन सेलेब्रिनी. चौघेही आघाडीचे खेळाडू. चौथ्या वर्षी जिंकणारे आघाडीचे खेळाडूही पुष्कळ आहेत, हे खरं, आणि ते लपवायचं कारण नाही. मुद्दा दुसऱ्या टोकाचा आहे. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी सगळ्या कॉलेजविश्वावर हुकमत गाजवणं आघाडीच्या खेळाडूला शक्य झालेलं आहे. बचावपटूला ते पंचेचाळीस वर्षांत एकदाही जमलेलं नाही.

या नऊ जणांतला गिलरॉय नीट समजून घेण्यासारखा आहे. एनएचएल या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या कोणत्याही संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, घेतलं नव्हतं. बोस्टन विद्यापीठात तो शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःच्या बळावर संघात शिरला. पुढे व्यावसायिक संघांची नजर त्याच्यावर पडली, तरी तो चौथ्या वर्षासाठी परतला. 2009 मध्ये त्याच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, त्याला होबी बेकर मिळाला आणि मग न्यूयॉर्क रेंजर्सने त्याला करारबद्ध केलं. ब्रायन राफाल्स्कीची गोष्ट याहून लांब पल्ल्याची. विस्कॉन्सिन विद्यापीठात 1991 ते 1995 अशी चार वर्षं, ड्राफ्टमध्ये नाव नाही, उंची पाच फूट दहा इंच, म्हणजे त्या काळच्या मापाने बचावपटू म्हणून बुटकाच. मग चार वर्षं स्वीडन आणि फिनलंडमध्ये. एनएचएलचा पहिला सामना तो खेळला 1999 साली, सव्विसाव्या वर्षी, आणि त्या पहिल्याच हंगामाच्या शेवटी न्यू जर्सी डेव्हिल्सबरोबर स्टॅनले कप उचलला. पुढे 2003 मध्ये पुन्हा, आणि 2008 मध्ये डेट्रॉइटकडून तिसऱ्यांदा. ओहायोतल्या मायामी विद्यापीठात चार वर्षं काढलेला डॅन बॉइलही ड्राफ्टमध्ये निवडला गेला नव्हता. त्याने 2004 चा स्टॅनले कप जिंकला आणि एनएचएलमध्ये हजारावर सामने खेळला. वयाच्या अठराव्या वर्षी ज्यांना कोणी विचारलं नाही, अशी ही माणसं आहेत. त्यांना कॉलेज नसतं तर त्यांचा खेळ मुरेपर्यंत कोण थांबलं असतं?

इथे चिकित्सक वाचक हात वर करील, आणि करायलाच हवा. तुम्ही यशस्वी झालेल्यांचीच नावं घेताय, त्याच चार वर्षांनंतर ज्यांचं काहीच झालं नाही त्यांचं काय? आक्षेप रास्त आहे. एनएचएलच्या खेळाडूंपैकी सुमारे एक तृतीयांश आज कॉलेजातून आलेले असले, तरी कॉलेजात खेळणाऱ्यांपैकी तिथवर पोचणारे फार थोडे. बहुसंख्य बचावपटूंचा शेवटचा महत्त्वाचा सामना मार्चमधल्या एखाद्या शनिवारी, आपल्या परिषदेच्या स्पर्धेत हरून संपतो. काहीजण एएचएल किंवा ईसीएचएल या खालच्या व्यावसायिक लीगांमध्ये दोनतीन हंगाम काढतात, काही युरोपात जातात, बाकीचे नोकरीला लागतात. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट त्याला टेकू देतो. एनएचएल मिळेलच म्हणून चार वर्षं पूर्ण करा, असा माझा सल्ला नाही. मिळण्याची शक्यता थोडी आहे, ती बचावपटूच्या बाबतीत उशिरा उजाडते, आणि ती उजाडेपर्यंत हातात पदवी येते, म्हणून ही वाट बरी. जी वाट यश आलं तर उपयोगी आणि नाही आलं तरी उपयोगी, तिच्यावर पैज लावणं शहाणपणाचं आहे.

दुसरा आक्षेप मकार आणि क्विन ह्यूज यांचा. दोघेही दोन वर्षांत कॉलेज सोडून गेले, दोघांनीही पुढे एनएचएलच्या सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी मिळवली, मग थांबायचं कशाला? मकारचा इतिहास बारकाईने पाहिला तर तो घाईच्या बाजूने साक्ष देत नाही. 2017 च्या ड्राफ्टमध्ये कोलोरॅडोने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं होतं. तरी तो मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात गेला, आणि त्या संघाने आदल्या हंगामात अवघे पाच सामने जिंकले होते. पहिल्या वर्षी 34 सामन्यांत त्याचे 21 गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) झाले. 2018 च्या ऑलिंपिकसाठी कॅनडाच्या संघाकडून आलेली विचारणाही त्याने नाकारली. दुसऱ्या वर्षी 41 सामन्यांत 49 गुण, संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात, आणि मगच तो निघाला. व्यावसायिक पदार्पणाच्या सामन्यातच, तेही बाद फेरीत, त्याने गोल केला. तो वेळेआधी गेला नाही, पिकल्यावर गेला. हार्वर्डचा अ‍ॅडम फॉक्स तर पहिल्याच वर्षी 35 सामन्यांत 40 गुण करून गेला होता आणि तरीही तीन वर्षं राहिला. तिसऱ्या वर्षी 33 सामन्यांत 48 गुण केले, आणि एनएचएलमधल्या दुसऱ्याच हंगामात, 2021 मध्ये, नॉरिस ट्रॉफी घेतली. कॅलेंडर पाहून कोणी लवकर निघू नये आणि उशीरही करू नये. निघण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. संघाच्या आघाडी राखण्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत प्रशिक्षक मलाच बर्फावर पाठवतो का? प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम फळीसमोर मी सलग हंगामभर टिकलोय का? आणि ज्या व्यावसायिक संघाकडे मी चाललोय, तिथे माझ्या बाजूची जागा खरोखर रिकामी आहे, की मी तिथे जाऊन प्रेक्षकगॅलरीत बसणार? तिन्हींची उत्तरं अनुकूल असतील तर खुशाल जा. एकाचंही उत्तर अडखळलं, तर हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका.

कॉलेज निवडण्याचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा, आणि घरोघरी चूक होते ती इथेच. नावाजलेलं विद्यापीठ, मोठं स्टेडियम, अजिंक्यपदांचे झेंडे, यांनी आईवडील आणि मुलं दोघंही भारून जातात. डेन्व्हरकडे 2024 पर्यंत दहा राष्ट्रीय अजिंक्यपदं होती, सगळ्यांहून अधिक. तिथे खेळायला कोणाला आवडणार नाही? पण सामन्यात बचावपटू सहाच खेळतात, फार तर सातवा, आणि संघात असतात आठ-नऊ. जो मुरायला आलाय त्याला खेळण्याचा वेळ मिळालाच पाहिजे. बरणी फडताळात नुसती ठेवून लोणचं मुरत नाही, अधूनमधून ढवळावं लागतं. म्हणून निवड करताना कागद घ्या आणि त्या संघाचे सध्याचे बचावपटू लिहून काढा. प्रत्येकापुढे त्याचं वर्ष, हात डावा की उजवा, आणि गेल्या हंगामात किती सामने खेळला, हे मांडा. तुम्ही पोचाल त्या वर्षी त्यांतले किती पदवी घेऊन बाहेर पडलेले असतील? तुमच्या हाताचे किती उरतील? उजव्या हाताने शॉट मारणारे बचावपटू नेहमीच कमी असतात आणि संघांना जोडीत दोन्ही हात हवे असतात. तुम्ही उजवे असाल तर हे तुमच्या हातातलं नाणं आहे, ते वाजवून घ्या. डावे असाल तर उजव्या बाजूलाही खेळायची सवय आत्तापासून लावा. मग प्रशिक्षकाला विचारा की दोन वर्षांपूर्वी तुमच्या तिसऱ्या जोडीत कोण होतं आणि ते आज कुठे खेळताहेत. पहिल्या जोडीबद्दल सगळेच अभिमानाने सांगतात. तिसऱ्या जोडीतली मुलं वर सरकली, संघ बदलून गेली की बसून राहिली, यावरून तिथे खेळाडू घडवतात की नुसते गोळा करतात हे कळतं. बचावपटूंना शिकवणारा साहाय्यक प्रशिक्षक कोण आहे आणि तो किती वर्षं टिकलाय, हेही विचारा. मुख्य प्रशिक्षकाशी तुमचं बोलणं होईल, पण मंगळवारी तुमची चित्रफीत थांबवून चूक दाखवणारा माणूस हा दुसराच असतो.

प्रशिक्षकांना पाठवायची चित्रफीतही बचावपटूने वेगळी करावी. गोल आणि धडाकेबाज टकरींचे तुकडे एकत्र जोडून पाठवायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण या जागेवरचा जाणकार ते पाहून काय ठरवणार? त्याला पाहायचं असतं की पकपाशी जाण्याआधी तुम्ही मान वळवता का, पहिला पास फॉरवर्डच्या स्टिकवर जातो का, चूक झाल्यावर पुढच्या दहा सेकंदांत तुम्ही काय करता. दोनतीन सामन्यांतल्या तुमच्या पूर्ण पाळ्या, काटछाट न करता, दर वेळी बर्फावर उतरल्यापासून बाकावर परतेपर्यंत, अशा पाठवा. त्यात एखादी चूक दिसली तरी दिसू द्या. ती सावरलेली दिसली तर उलट भरच पडेल.

गेल्या एकदोन वर्षांत नियम झपाट्याने बदलले आहेत आणि जुन्या माहितीवर निर्णय घेणाऱ्यांची फसगत होऊ शकते. पूर्वी मेजर ज्युनिअरमध्ये एक सामना खेळलात तरी एनसीएएचं दार बंद होई. नोव्हेंबर 2024 मध्ये एनसीएएने हा निर्बंध उठवायचं ठरवलं आणि 1 ऑगस्ट 2025 पासून ते खेळाडूही कॉलेजात येऊ लागले. आता सोळाव्या वर्षी कायमची फारकत करावी लागत नाही, ही चांगली गोष्ट. पण कॉलेजातल्या जागांसाठीची गर्दी वाढली, आणि वीस वर्षांचा, दोनशे सामने खेळलेला बचावपटू तुमच्या शेजारी उमेदवार म्हणून उभा राहिला. शिवाय कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याबाबत 2025 मध्ये झालेल्या न्यायालयीन तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना हॉकीच्या संघात 26 खेळाडूंची मर्यादा लागू झाली. पूर्वी 18 शिष्यवृत्त्या वाटून द्याव्या लागत आणि खेळाडू कितीही ठेवता येत. आता शिष्यवृत्ती देण्यावरची मर्यादा गेली, पण माणसांवर आली. याचा फटका बसतो तो गिलरॉयसारख्या, मागच्या दाराने येऊन हळूहळू वर चढणाऱ्या मुलांना. यामुळे माझा सल्ला फिरत नाही, पण त्याला एक पुरवणी जोडावी लागते: संघात जागा मिळवायला तुम्हाला आधी एकदोन वर्षं यूएसएचएल, बीसीएचएल यांसारख्या ज्युनिअर लीगमध्ये किंवा मेजर ज्युनिअरमध्ये काढावी लागली तर तो अपमान समजू नका. पेरुनोविच ड्राफ्टमध्ये दोनदा वगळला गेला होता. तिसऱ्या खेपेला, 2018 मध्ये, तो 45 व्या क्रमांकावर घेतला गेला आणि दोन वर्षांनी होबी बेकर घेऊन उभा राहिला.

पैशाचं बोलताना दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात. हार्वर्ड, कॉर्नेल, प्रिन्स्टनसह आयव्ही लीगची विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, घरच्या उत्पन्नानुसार मदत करतात. तिसऱ्या श्रेणीतली कॉलेजंही क्रीडा शिष्यवृत्ती देत नाहीत. तेव्हा ‘प्रवेश मिळाला’ आणि ‘खर्च सुटला’ ही वाक्यं वेगवेगळी आहेत. जे काही मिळणार ते किती वर्षांसाठी, दुखापत झाली तर चालू राहणार का, हे लेखी घ्या. भारतातून गेलेल्या घरांनी आणखी एक हिशेब आधीच करावा. मूल आईवडिलांच्या एच-1बी व्हिसावर अवलंबून एच-4 वर असेल, तर एकविसाव्या वाढदिवसाला तो आधार संपतो. हॉकीत विसाव्या वर्षी कॉलेजात शिरणं नेहमीचं, म्हणजे पहिल्याच वर्षात एफ-1 व्हिसावर जावं लागणार. आणि नाव-प्रतिमेच्या जाहिरातींतून किंवा विद्यापीठाच्या उत्पन्नातल्या वाट्यातून आज खेळाडूंना जे पैसे मिळू लागले आहेत, त्यांवर एफ-1 विद्यार्थ्यासाठी कडक बंधनं असतात. कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात आणि संघाच्या नियमपालन अधिकाऱ्याकडे, दोन्हीकडे विचारा. एकाचं उत्तर दुसऱ्याला माहीत असेलच असं नाही.

अभ्यासाबद्दल मराठी पालकांना सांगायची गरज नाही असं म्हणतात, पण इथे गरज वेगळ्या कारणाने आहे. पहिल्या श्रेणीत खेळायला शाळेतले 16 ठरावीक विषय आणि त्यांत किमान 2.3 सरासरी लागते, आणि त्यांतले 10 विषय बारावीचं वर्ष सुरू होण्याआधी पूर्ण व्हावे लागतात. ज्युनिअर संघासाठी गाव बदलताना, शाळा बदलताना, ऑनलाइन विषय घेताना हेच विषय निसटतात, आणि गुणी मूल नियमात अडकतं. कॉलेजात गेल्यावर हंगामात आठवड्याला 20 तासांची खेळाची मर्यादा आहे, पण त्यात प्रवास आणि उपचारांचा वेळ धरत नाहीत. गुरुवारी दुपारी बस निघते. ज्या विषयाचं प्रात्यक्षिक शुक्रवारी असतं, तो विषय घेणाऱ्याने पहिल्या आठवड्यातच प्राध्यापकांशी बोलून ठेवलं पाहिजे. हॉकीपटूंनी सोपाच विषय घ्यावा, हा सल्ला तुम्हाला संघातूनच मिळेल. तो मानू नका. प्रिन्स्टनची बचावपटू क्लेअर थॉम्प्सन पाहा: 2022 च्या ऑलिंपिकमध्ये कॅनडासाठी सुवर्णपदक, एका ऑलिंपिकमध्ये बचावपटूने मिळवलेल्या सर्वाधिक, म्हणजे 13 गुणांचा विक्रम, आणि त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीय शिक्षण. महिलांची व्यावसायिक लीग, पीडब्ल्यूएचएल, जानेवारी 2024 मध्ये सुरू झाली. त्याआधी कॉलेज संपल्यावर मुलींना धड पगारही मिळण्याची शाश्वती नव्हती, म्हणूनच त्यांच्यातल्या अनेकींनी पदवीकडे कधी दुर्लक्ष केलं नाही. मुलांनी हे त्यांच्याकडून शिकावं.

शरीराविषयी एकच गोष्ट, पण ठाम. डोक्याला मार लागल्यावर चक्कर, मळमळ, प्रकाशाचा त्रास, काहीही जाणवलं तर त्याच क्षणी सांगा, मग सामना कोणताही असो. कॉलेजात पूर्ण चेहरा झाकणारी जाळी सक्तीची आहे, पण ती डोक्याला बसणारा हादरा थांबवत नाही. बोर्डकडे तोंड करून पक उचलणं हे बचावपटूचं रोजचं काम असल्याने धोका त्याला अधिक. ‘संघातली जागा जाईल’ या भीतीने लपवणारा खेळाडू जागेबरोबर बरंच काही गमावून बसू शकतो. आईवडिलांनी आठवड्याच्या फोनवर ‘किती गोल झाले’ याआधी ‘झोप नीट लागते का’ हे विचारावं.

आणि चौथ्या वर्षाचा वसंत. तुमच्या संघाचा शेवटचा सामना संपला की दोनचार दिवसांत फोन येऊ लागतात, आणि तेव्हा विचार करायला वेळ नसतो, म्हणून तो आधी करून ठेवावा. एनएचएलच्या पहिल्या कराराची मुदत वयावर ठरते: 18 ते 21 वर्षांच्या खेळाडूला तीन वर्षांचा, 22-23 च्या खेळाडूला दोन वर्षांचा, 24 च्या खेळाडूला एका वर्षाचा. म्हणजे चार वर्षं पूर्ण करून निघालेल्याला दुसऱ्या, बहुधा चांगल्या कराराची संधी लवकर येते. उशिरा निघाल्याने ‘वर्षं वाया गेली’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. विल बुचर पाचव्या फेरीत निवडला गेलेला खेळाडू होता. डेन्व्हरमध्ये चौथ्या वर्षी कर्णधार म्हणून अजिंक्यपद आणि होबी बेकर मिळवल्यावर 2017 च्या ऑगस्टमध्ये त्याला निवडणाऱ्या संघाचा हक्क संपून तो मुक्त झाला, स्वतः संघ निवडून न्यू जर्सीकडे गेला आणि पहिल्या हंगामात 44 गुण केले. असा फोन तुम्हाला आला तर रकमेपेक्षा आधी विचारा की पुढच्या हंगामात डाव्या किंवा उजव्या बाजूला तुमच्यापुढे किती जण आहेत. एएचएलचा करार आला, किंवा स्वीडन, फिनलंड, जर्मनीतून विचारणा झाली, तर राफाल्स्कीचं वय आठवून ती गंभीरपणे घ्या. मात्र मार्च-एप्रिलमध्ये विमान पकडण्याआधी एक काम उरतं. सत्र अर्ध्यावर आहे, दोनतीन विषयांच्या परीक्षा बाकी आहेत. कुलसचिव कार्यालयात जाऊन पदवीला नेमके किती श्रेयांक कमी पडतात, ते दूर राहून कोणत्या मुदतीत पूर्ण करता येतील आणि कोणत्या प्राध्यापकाची संमती लागेल, हे लेखी घ्या. तो कागद किटच्या पिशवीत नाही, घरी आईवडिलांकडे ठेवा.